‘याचे बाबाही असेच होते’: बुजरं मूल मोठेपणी बुजरंच राहतं का?

एका आईनं विचारलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत. घरी तोंडाला खीळ नाही, पण बाहेर कुणी नाव विचारलं की आईच्या मागे लपतो. डिसेंबरच्या गॅदरिंगला नाच सुरू होण्याआधीच स्टेजवरून रडत खाली आला. कऱ्हाडला सासूबाईंना हे कळल्यावर त्या फोनवर म्हणाल्या, ‘याचे बाबाही असेच होते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.’ आणि नवरा खरंच अजून चार माणसांत फारसा बोलत नाही. तर मुलगा आयुष्यभर असाच राहणार, की आपोआप बदलेल? काही करायला हवं का? आणि यंदा गॅदरिंगला नाव द्यावं की नको?

मी नाशिकमध्ये २४ वर्षं मुलांचं समुपदेशन करते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. मूल बदलतं, गाव बदलतं, ‘याचे बाबाही असेच होते’ हे वाक्य मात्र तेच असतं.

तुम्ही एक प्रश्न विचारला असला तरी त्यात तीन आहेत. पहिला: तो आज जे करतो, लपणं, रडणं, गप्प होणं, ते असंच चालू राहील का? दुसरा: या वागण्यामागचा जो मूळ स्वभाव आहे तो टिकेल का? तिसरा: त्या स्वभावामुळे पुढे त्याचं काही अडेल का? तुमची झोप उडालीय ती तिसऱ्यामुळे, पण विचारताय पहिला. पहिल्याचं उत्तर ‘बहुतेक नाही’ असं आहे, दुसऱ्याचं ‘काही अंशी हो’. तिसऱ्याचं उत्तर पाळण्यात लिहिलेलं नसतं, ते बरंचसं पाळण्याभोवती कोण उभं आहे यावर ठरतं. खाली जे लिहितेय ते मुख्यतः या तिसऱ्याबद्दल आहे.

आपल्या म्हणी बघितल्या तर मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, स्वभावाला औषध नाही, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सगळ्यांचं मत एकच, माणूस बदलत नाही. (एक म्हण वेगळं बोलते, तिच्याकडे नंतर येते.) पण पाळण्याची म्हण आपण कधी म्हणतो ते आठवून बघा. पाळण्याची दोरी हातात असताना कुणी म्हणत नाही. मूल मोठं होऊन नाव काढतं किंवा नाव घालवतं, मग आपण मागे वळून पाळण्यातले पाय शोधतो, आणि मागे वळून शोधलं की काही ना काही सापडतंच. तुमचा नवरा उद्या सोसायटीचा चेअरमन झाला असता तर याच सासूबाईंना त्याचं लहानपणचं दुसरंच काहीतरी आठवलं असतं. त्यांना दोष देत नाहीये, माणसाची आठवण अशीच काम करते.

म्हणून या विषयात ज्यांनी मुलं लहान असतानाच नोंदी करायला घेतल्या आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली, अशांचंच मी ऐकते. हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी असाच पाठपुरावा केला. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आजारी आईवडील असं बरंच काही एकदम आलं होतं. तरी त्या ओझ्याखालच्या दर तिघांतलं एक मूल अठराव्या वर्षी चांगलं सावरलेलं, जबाबदार निघालं. उरलेल्यांतलेही कित्येक जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागले. बिघडलेल्या मोठ्या माणसाच्या बालपणात कारण हमखास सापडतं. पण ते कारण असलेली सगळी मुलं बिघडत नाहीत. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि आजीच्या फोनमध्ये तो नेमका गळून पडतो.

आता स्वभाव म्हणजे काय ते थोडं सांगते. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवराबायकोनं बाळांच्या स्वभावाचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या शंभरावर मुलांत साधारण ४० टक्के सहज रुळणारी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के ‘हळूहळू रुळणारी’ अशी निघाली. बाकीची कुठल्याच खणात नीट बसेनात. तुमचं वर्णन वाचून तुमचा मुलगा मला त्या १५ टक्क्यांतला वाटतो. त्यांच्याच कल्पनेवर चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत सविता मल्होत्रा आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांसाठी एक प्रश्नावली बनवली, ती मी अजून वापरते. थॉमस-चेस यांचा मला सर्वांत उपयोगी पडलेला विचार मात्र त्या आकड्यांत नाही. ते म्हणाले, नुसता स्वभाव चांगला किंवा वाईट नसतो, तो भोवतालाशी जुळतो की नाही हे बघा. चपलेचा नंबर चुकीचा नसतो, पायाला लागत असेल तर चप्पल आणि पाय दोन्ही एकदम बघावे लागतात.

हार्वर्डच्या जेरोम कॅगन यांनी आणखी मागे जाऊन चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात केली. बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, अनोळखी आवाजाची टेप लावायची, नाकाशी पातळ केलेल्या अल्कोहोलचा बोळा धरायचा. पाचातलं एखादं बाळ हातपाय झाडायचं, पाठ ताणायचं, रडायचं. पाचातली दोन मात्र निवांत पडून बघत राहायची. गंमत अशी, की दोन वर्षांची झाल्यावर बुजरी, गप्प, आईला चिकटणारी निघाली ती त्या दंगा करणाऱ्या बाळांमधलीच जास्त. म्हणजे मुळाशी एकच गोष्ट, नवीन काही आलं की मेंदूत घंटा जोरात वाजते. ती पाळण्यात किंचाळण्यातून दिसते आणि दोन वर्षांनी मौनातून. पाळण्यातले पाय दिसतात खरे, पण ते भलत्याच दिशेला वळलेले असू शकतात. माझ्याकडे कित्येक आया सांगतात, ‘बाळ असताना इतका किरकिरा होता आणि आता तोंडातून शब्द नाही, एवढा कसा बदलला?’ बदललेला नसतो.

कॅगन यांच्या गटानं या मुलांना पंधराव्या वर्षापर्यंत पाहिलं. घंटा जोरात वाजणाऱ्यांतली बरीच मुलं तोवर मधल्या पट्ट्यात येऊन बसली होती. टोकाची बुजरी थोडीच उरली. पण त्यांतून अगदी बिनधास्त, कुणाच्याही गळ्यात पडणारी अशी झालेली मुलं आणखी कमी. म्हणजे टोकावरून मध्यावर येणं नेहमीचं, या टोकावरून त्या टोकाला जाणं दुर्मीळ. तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण पालक दोन्ही बाजूंनी चुकतात. कुणी ‘असाच राहणार’ म्हणून हात टेकतं, कुणी व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घालून त्याचा निवेदक करायला निघतं.

बदल आणि टिकणं या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, हे शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेवरून सांगते. पहिलीत मुलं उंचीनं उभी केली. दहावीपर्यंत सगळ्यांची उंची वाढली, कुणीच पूर्वीएवढं राहिलं नाही. तरी पहिलीत पुढे असलेली बरीचशी मुलं दहावीतही पुढेच. स्वभावाचंही तसंच. बहुतेक मुलं वयाबरोबर धीट होतात. पण ‘इतरांच्या मानाने’ कोण किती बुजरं, ही रांग हळू बदलते. आता महत्त्वाची गोष्ट: ही रांग लहानपणी सर्वांत जास्त विस्कटते. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकिओ यांनी २००० साली १५२ दीर्घ अभ्यास एकत्र करून पाहिलं. १ म्हणजे रांग जशीच्या तशी आणि ० म्हणजे पूर्ण सरमिसळ असं धरलं, तर बालपणात हा आकडा ०.३१ च्या आसपास होता, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४. म्हणजे स्वभावाला औषध नाही ही म्हण आजीच्या वयाला बरीच लागू आहे, नातवाच्या वयाला फारच थोडी. हे सासूबाईंना ऐकवू नका.

हे सगळं बाहेरच्या देशांतलं आहे याची मला जाणीव आहे. वाडा किंवा चाळ, दारात सतत माणसं, प्रत्येक पाहुण्यासमोर ‘काकांना नमस्कार कर’, अशा घरातल्या मुलाचा बुजरेपणा आणि अमेरिकेतल्या उपनगरातल्या मुलाचा बुजरेपणा एकाच मापात बसत नाही. म्हणून आकड्यांपेक्षा दिशा घ्या.

आता एक माझ्याकडचा मुलगा. केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात मी एक आकडा लिहिते: मूल खोलीत आल्यापासून पहिलं खेळणं हातात घेईपर्यंत गेलेली मिनिटं. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझी आपली सवय. हा मुलगा पाच वर्षांचा होता. पहिल्या दिवशी आईच्या मांडीला पाठ टेकून, तिच्या ओढणीचं टोक दातांत धरून बसला. मी सतरंजीवर बसून लाकडी आगगाडीच्या डब्याचं निखळलेलं चाक बसवत होते. एक चाक घरंगळत त्याच्या पायाशी गेलं. मी मागितलं नाही, त्यानं दिलं नाही. आई दोनदा म्हणाली, ‘दे ना मॅडमना.’ दोन्ही वेळा त्यानं पाय आणखी आत घेतला. तिसऱ्यांदा आई गप्प राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं अंगठ्यानं चाक एक वीत माझ्याकडे ढकललं. कोपऱ्यात लिहिलं, ३४.

दुसऱ्या वेळी २१, सहाव्या वेळी ६. मग दिवाळीत महिनाभर आले नाहीत आणि पुन्हा १९. पालक इथे खचतात, ‘सगळं मुसळ केरात’ म्हणतात. पण हळू रुळणाऱ्या मुलाचं असंच असतं. खंड पडला की मागे जातं, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा लवकर परत येतं. डिसेंबरअखेर ५ झाले होते.

तोच मुलगा १९ व्या वर्षी परत आला, झोपेच्या तक्रारीसाठी. पॉलिटेक्निकला होता, हॉस्टेलवर राहत होता. आत आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. मी जुना पेपर काढून ठेवला होता, सवयीनं घड्याळ बघितलं. स्वतःहून पहिलं वाक्य बोलायला त्यानं आठ मिनिटं घेतली. नंतर कळलं, की हॉस्टेलच्या मेसचा हिशोब आणि बाजारहाट हाच सांभाळतो. मी विचारलं, भाजीवाल्याशी घासाघीस तू करतोस? तर म्हणाला, ‘पहिला आठवडा नुसता उभा राहून बघतो कोण कुणाला काय भाव लावतो. मग बोलतो.’ स्वभाव तोच होता. ३४ मिनिटं गाडीच्या चाकाकडे बघणारा मुलगा आता आठवडाभर भेंडीचे भाव बघत होता. फक्त आता त्याच्या त्या बघत राहण्याला एक काम मिळालं होतं.

सगळ्यांचं असं होत नाही, तेही सांगायला हवं. जवळपास तेवढीच मिनिटं लागणारी एक मुलगी सोळाव्या वर्षी परत आली तेव्हा तिनं चार महिने शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. मधल्या काळात वडिलांच्या बदल्यांमुळे तिनं चार शाळा पाहिल्या होत्या. जिला रुळायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, तिला रुळायला मिळालेला वेळ सगळ्यांपेक्षा कमी. यात कुणाची चूक नव्हती.

आता ती राहिलेली म्हण. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ आपण ती वाईट संगतीबद्दल वापरतो, पण तिच्यात बालमानसशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. शेजारी कुणीही बांधा, बैलाचा रंग बदलत नाही, वागणं बदलतं. सिडनीत रोनाल्ड रॅपी यांच्या गटानं याचाच जणू प्रयोग केला. अतिशय बुजऱ्या अशा १४६ बालवाडीतल्या मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना फक्त सहा बैठकांचं मार्गदर्शन दिलं, मुलांवर थेट काहीच उपचार नाहीत. वर्षभरानं, २००५ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार, मार्गदर्शन मिळालेल्या पालकांच्या मुलांत चिंताविकार लक्षणीयरीत्या कमी झाले होते. पण बुजरेपणाच्या मापात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! वाण नाही, पण गुण लागला. मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा चहा गार झाला होता, कारण रोज खोलीत जे दिसत होतं ते कुणीतरी मोजून दाखवलं होतं. मुलं बुजरीच राहिली, फक्त बुजरेपणाची शिक्षा भोगायची कमी झाली.

त्या पालकांना काय शिकवलं होतं? थोडक्यात, मुलाला जपणं कमी करा आणि पायरीपायरीनं भिडू द्या. इथे ‘याचे बाबाही असेच होते’ हे वाक्य का टोचतं ते सांगते. स्वभाव काही प्रमाणात रक्तातून येतो, त्यात वाद नाही. पण घरही स्वभाव टिकवून धरतं, आणि ते इतक्या प्रेमानं, की कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी नाव विचारलं, मूल दोन सेकंद थांबलं, आईनं नाव सांगून टाकलं. वाढदिवसाला बोलावलं, ‘त्याला नाही आवडत’ म्हणून गेलोच नाही. पाहुण्यांसमोर ‘आमचा जरा लाजाळू आहे हं’ असं हसत सांगितलं, आणि मूल तिथेच उभं राहून ऐकतंय. प्रत्येक वेळी मुलाची सुटका होते, त्याला बरं वाटतं, तुम्हालाही बरं वाटतं. आणि बोलण्याची सवय करायची एक संधी जाते. असं वर्षाला चार-पाचशे वेळा होतं. मग दहा वर्षांनी आपण म्हणतो, बघा, पाळण्यातच दिसलं होतं.

मिस्टरांनाही यात ओढा. बुजऱ्या वडिलांना मुलाचं बघवत नाही, त्यांना स्वतःचं सगळं आठवतं. म्हणून काही जण मुलाला पाठीशी घालतात आणि काही उलट त्याच्यावर खेकसतात. त्यांना एका रात्री निवांत विचारा, तुम्ही लहान असताना अशा वेळी कुणी काय केलेलं तुम्हाला बरं वाटायचं? माझ्या खोलीत या प्रश्नावर बाप जेवढा वेळ गप्प बसतात तेवढा वेळ मुलंही बसत नाहीत. पण नंतर जे सांगतात ते कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी असतं.

एक गोष्ट काळाचीही आहे. शिनयिन चेन यांनी शांघायमध्ये १९९० साली शाळकरी मुलं पाहिली तेव्हा लाजरी मुलं वर्गात लाडकी होती, शिक्षकही त्यांना समंजस समजत. २००२ मध्ये पुन्हा पाहिलं तर तशाच मुलांना वर्गमित्र टाळत होते आणि ती उदास होती. स्वभाव तोच, शहर बदललं होतं. आपल्याकडे वेगळं काय झालं? तुमचे मिस्टर लहान असताना कऱ्हाडात त्यांना बहुधा ‘शहाणा मुलगा, आल्यागेल्यासमोर तोंड उघडत नाही’ असं कौतुकानं म्हटलं गेलं असेल. त्याच वागण्याला आज तुमच्या मुलाच्या प्रगतीपुस्तकात ‘कॉन्फिडन्स कमी’ असा शेरा मिळतो.

इथपर्यंत मी धरून चालले की हा स्वभावच आहे. पण ते तपासल्याशिवाय धरायचं नसतं, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एक पाच वर्षांची मुलगी आली होती, शाळेत एक शब्द बोलत नसे. मी म्हणाले, स्वभाव आहे, खुलेल. तिसरीत ती परत आली तेव्हाही शाळेत एक शब्द नव्हता. तो बुजरेपणा नव्हता. घरी नीट बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, अशी ती वेगळी अडचण होती, तिला वेगळे उपचार लागतात आणि ते जितके लवकर तितके सोपे. तिची दोन-अडीच वर्षं मी वाया घालवली. तेव्हापासून पहिल्या भेटीआधी मी सांगते, मूल घरी बोलत असताना मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून आणा.

तुमच्या मुलाबद्दल मला चार गोष्टी माहीत नाहीत. शाळेत बाईंशी, नाहीतर निदान एका मित्राशी तरी तो बोलतो का? शाळा सुरू होऊन पहिला महिना उलटून गेल्यावरही वर्गात एकही शब्द निघाला नसेल तर वाट बघू नका. दुसरं, कान तपासलेत का? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी-जास्त येतं आणि मूल गर्दीत गप्प होतं. तिसरं, हे पहिल्यापासून आहे की अचानक सुरू झालं? मोकळं मूल काही आठवड्यांत मिटून गेलं, किंवा येत असलेलं बोलणं मागे गेलं, तर त्याला स्वभाव म्हणायचं नाही, कारण शोधायचं. नजर देणं, नाव घेतल्यावर वळणं, इतर मुलांत रस असणं हे घरातही कमी असेल तर तेही दाखवून घ्या. चौथं, भाषा. घरी मराठी आणि शाळेत ‘व्हॉट इज युअर नेम’. साडेचार वर्षांचं मूल गप्प आहे ते भीतीनं की शब्द नाहीत म्हणून, हे कळायला बाईंनी त्याला एकदा मराठीत काहीतरी विचारून बघावं. मी सांगितल्यावर काही बाईंनी बघितलं आणि त्यातली दोन-तीन मुलं त्याच दिवशी बोलली! यांपैकी कशाची शंका आली तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे मुलांची तपासणी मोफत होते.

ही चारही दारं बंद निघाली, म्हणजे स्वभावच आहे असं दिसलं, तर घरी काय करायचं ते सांगते. मोठ्या गर्दीच्या ठिकाणी पाच-दहा मिनिटं आधी पोचा. रिकाम्या हॉलमध्ये शिरणं त्याला जमतं, भरलेल्या हॉलमध्ये शिरणं म्हणजे परीक्षा. कुणी काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजा, त्याच्या वतीनं बोलू नका, पण ‘बोल ना, बोल ना’ही नको. दहा झाले आणि उत्तर नाही आलं तर विषय बदला, जणू काही झालंच नाही. दर आठवड्याला एकच मूल घरी खेळायला बोलवा, शक्यतो तेच. चार मुलं एकदम नकोत. किराणा दुकानात दहाची नोट त्याच्या हातानं द्या, पुढच्या महिन्यात ‘पार्ले-जी’ त्याला मागू द्या, त्यापुढच्या महिन्यात सुट्टे पैसे मोजून घेऊ द्या. शाळेतल्या बाईंना विनंती करा की सुरुवातीला बोलायला न लागणारं काम त्याला द्या, वह्या वाटणं, फळा पुसणं. हातात काम असलं की तोंड आपसूक सुटतं. ‘लाजाळू’ हा शब्द घरातून हद्दपार करा. म्हणायचंच असेल तर ‘त्याला जरा वेळ लागतो’ म्हणा. ते खरंही आहे आणि त्यात पुढे काहीतरी होणार आहे, हे त्यालाही ऐकू जातं.

हे सहा महिने केल्यावर तो गप्पिष्ट होणार नाही. लपण्याचा वेळ कमी होईल, रडणं क्वचित होईल. दिवाळी-मे महिन्यानंतर थोडं मागे जाईल, परत पुढे येईल. पहिलीला जाताना शाळा किंवा तुकडी बदलणार असेल तर आधीच एखादा मित्र त्याच तुकडीत आहे का बघा, तिथे थोडी खटपट करा. आठवी-नववीत पुन्हा एक झटका येऊ शकतो, त्या वयात मोकळी मुलंही मिटतात. तेव्हाचं आता सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

राहिला गॅदरिंगचा प्रश्न. नाव द्या. एकट्याचं गाणं नको, घोळक्यातला नाच द्या, आणि बाईंना सांगून दुसऱ्या रांगेत, त्याच्या एकुलत्या मित्राशेजारी उभं करा. आदल्या दिवशी स्टेज रिकामं असताना त्याला वर चढवा, माईकवर एकदा फुंकर मारू द्या, पडद्यामागे काय असतं ते दाखवा. तुम्ही कुठल्या खुर्चीत बसणार ते त्यालाच ठरवू द्या. आणि एवढं करूनही तो त्या दिवशी रडत खाली आला, तर उचलून घ्या, पाणी द्या, पण घरी नेऊ नका. शेजारच्या खुर्चीत बसवून बाकीचे नाच बघू द्या, आपल्या वर्गाचाही. रात्री कऱ्हाडहून फोन आला तर कपडे कसे होते, कोणती गाणी होती ते सांगा. बाकीचं सांगू नका.